बस्त्यातल्या साठ साड्या खरंच लागतात का?

पेरूची_फोड:
पुढच्या महिन्यात माझं लग्न. घर बार्शीचं, नोकरी पुण्यात. रविवारी बस्ता बांधायचाय. आईच्या यादीत देण्याघेण्याच्या साठ साड्या, वर चाळीस टॉवेल-टोप्या. साडी चारशेच्या आसपास, सुरतची जॉर्जेट. म्हणजे चोवीस हजार झाले, तेवढ्यात येवल्याहून हातमागाची पैठणी येते! दिवाळीत आईचं कपाट आवरलं तर अशा एकवीस निघाल्या, घडीही न मोडलेल्या. मी म्हटलं, जवळच्या दहाजणींना बरी साडी घेऊ, बाकीच्यांना पाकीट. तेव्हापासून आई बोलत नाहीये. एवढं काय चुकलं माझं?

गादीवरचा:
वीस वर्षं साड्यांच्या दुकानात गादीवर बसलोय. आहेराचा माल वेगळाच असतो, एक डिझाइन, आठ रंग, गठ्ठ्यानं येतो. गिऱ्हाईक कापड बघतच नाही, शेजारणीला काय निघालं ते बघतं. शालू दहा मिनिटांत ठरतो, थोरल्या नणंदेच्या साडीला दोन तास. एका लग्नात दोघी जावांच्या साड्यांत पन्नास रुपयांचा फरक निघाला, तर धाकटी न जेवता गेली. लेबल काढलं होतं हो, पण बायकांना हाताला कळतं. बस्त्याला आलेल्या पंधराजणांचं जेवण दुकानातर्फे. ते कुणाच्या बिलात जायचं ते विचारू नका.

माई_६८:
अगं, ती नेसायची नसतेच. माझ्याकडे लग्नापासूनची वही आहे, कुणी काय दिलं आणि मी ते पुढं कुणाला दिलं. ज्याची त्यालाच परत जाऊ नये म्हणून पदराच्या आत पेन्सिलीनं एक अक्षर लिहून ठेवते. एक आमसुली साडी चार घरं हिंडून माझ्याकडेच आली, आत माझंच अक्षर! पाकीट पर्समध्ये जातं, घरी जाऊन मोजतात. साडी चारचौघींत कुंकू लावून हातात देतात. तुझ्या आईला साठ घरांत पुढंही जायचंय, तू राहशील पुण्यात.

रिकामी_खुंटी:
आमचं कुणी विचारत नाही. घरात अकरा टोप्या, डोकं एक. सोलापुरी टॉवेल मात्र वाया जात नाही.

पेरूची_फोड:
काल झाला बस्ता. अठ्ठेचाळीसवर तडजोड. आई एकेक साडी उचलून नाव घेत होती, ही करमाळ्याच्या मावशीची, ही तिच्या सुनेची. दोन वर्षं बोलणं बंद असलेल्या काकूची साडी तिनं तीनदा बदलली, शेवटी सगळ्यांपेक्षा शंभरनं महाग घेतली. मी काही बोलले नाही. गठ्ठ्याला हळदकुंकू लावून नारळ ठेवला तेव्हा दुकानदार अर्धं शटर ओढत होता, आणि मग कुणालातरी आठवलं की नवरीचा शालू राहिलाय. गादीवरचे काका, नऊ मिनिटं लागली.