मदत हवी आहे: विकू का ठेवू? झोप उडाली आहे

पूर्णाकाठ (परभणी)
पैसे टाकले होते, २४ टक्के खाली आलेत. विकावं का ठेवावं एवढंच सांगा. ज्ञान नको, यूट्यूबवर भरपूर ऐकून झालंय. एक म्हणतो अजून पडणार, दुसरा म्हणतो हीच संधी. सकाळी साडेसहाला गिफ्ट निफ्टी (आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज देणारा आकडा) बघायलोय, शाळेत प्रत्येक तासाला ॲप, रात्री उठून अमेरिकेचा बाजार कुठं चाललाय ते. काल बायकोवर उगीच ओरडलो. तुम्ही लोकं मन ताब्यात कसं ठेवता? उद्या बाजार उघडायच्या आत उत्तर पाहिजे.

आडत_लातूर
सर, किती टाकले, कशात, कधी, पैसे कशाचे? आडतीवर येऊन माल न दाखवता भाव विचारायलात तुम्ही.

पूर्णाकाठ
म्युच्युअल फंड. निम्मे स्मॉल कॅप म्हणजे छोट्या कंपन्यांच्या, निम्मे एका सेक्टरच्या म्हणजे एकाच उद्योगातल्या कंपन्यांच्या फंडात. सप्टेंबर २०२४, एकरकमी. आता सांगा.

वजिराबाद_नांदेड
अजिबात विकू नका. मार्च २०२० मध्ये निफ्टी, म्हणजे बाजाराचा निर्देशांक, ७,५०० पर्यंत आला होता. माझ्या मामांनी घाबरून सगळं काढलं. त्याच नोव्हेंबरात निफ्टी कोरोनाच्या आधीच्या उंचीवर परत पोचला होता. मामा अजून त्या दिवसाचं नाव काढू देत नाहीत. पडलेला बाजार वर येतोच.

कयाधू_७७
येतो, पण कधी? जानेवारी २००८ ची पातळी पक्की ओलांडायला २०१३ संपत आलं होतं. जवळजवळ सहा वर्षं. तेही निर्देशांकाचं, सेक्टर फंडाला तर तसा काहीच भरवसा नाही. कृपा करून एकच उदाहरण देऊन माणसाला बांधून घालू नका.

वजिराबाद_नांदेड
मी बांधून घालत नाही, धीर द्यायलोय. फरक आहे.

बीडबायपास
कागदावरचे पैसे कागदावरच जातात. जे काही उरलंय ते काढा आणि वसमत रोडला प्लॉट घ्या. जमीन रात्रीतून २४ टक्के कमी होत नाही.

कयाधू_७७
जमिनीचा भाव रोज मोबाईलवर दिसत नाही म्हणून तसं वाटतं. माझा प्लॉट सहा वर्षांपासून विकायला काढलेला आहे, सांगितलेल्या भावाला गिऱ्हाईक नाही. पण मी रात्री उठून बघत नाही, कारण बघायला काही नाही.

रोजचा_ट्रेडर
नुकसान भरून काढायचं असेल तर थोडे पैसे ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांत, फिरवा. पडत्या बाजारातही कमाई होते. मी शिकवतो, मेसेज करा.

आडत_लातूर
हे नका सांगू हो. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या १०० किरकोळ लोकांपैकी ९३ तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ज्याची झोप गेलीय त्याला तिकडं ढकलायचं? सर, मेसेज करू नका.

माझा मुख्य प्रश्न राहिलाच. पैसे कशाचे आहेत?

पूर्णाकाठ
मावेजाचे. रस्त्यात जमीन गेली. १४ लाख टाकले होते, आज १० लाख ६० हजार दिसायलेत. त्यानं काय फरक पडतो?

आडत_लातूर
फार फरक पडतो. वडिलांच्या नावची जमीन होती का?

पूर्णाकाठ
हो. त्यांना अजून आकडा सांगितला नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "जमिनीचं काय चाललंय?" पैशाला ते जमीनच म्हणतात. मी म्हणतो, ठीक आहे.

आडत_लातूर
मग तुम्ही बाजार बघत नाही सर, त्या प्रश्नाचं उत्तर शोधायलात.

माझी गोष्ट सांगतो. आमची आडत आहे, भाव कळणं हाच आमचा धंदा. २०२० च्या हंगामातलं घरचं २२ क्विंटल सोयाबीन ठेवलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव दहा हजारांच्या घरात गेला. हमीभाव तेव्हा ३,९५० होता. घरचे म्हणाले काढा. मी म्हणालो, अकरा होऊ द्या. दहा बघितल्यावर नऊ हजार मला चोरीसारखे वाटायला लागले. नवा माल आला आणि भाव निम्म्यावर. दहाला विकलं नाही म्हणून पाचला विकवेना, आणखी थांबलो. दुसऱ्यांना रोज सल्ला देणारा मी, स्वतःच्या मालापुढं आंधळा झालो.

तेव्हापासून एक वही केली. काहीही विकायच्या किंवा घ्यायच्या आधी त्यात तारीख टाकून लिहितो: का करायलोय, हा पैसा कधी लागणार, आणि आत्ता मनात काय आहे. मग तीन दिवस हात लावत नाही. लिहिताना कारण सापडत नसेल तर मी घाबरलेलो असतो किंवा हावरा झालेलो असतो. निम्म्याहून जास्त वेळा तिसऱ्या दिवशी मीच खोडलंय.

गंगाखेडकर
सोयाबीनचा विषय निघालाच तर बोलतो. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले, तिथून शेतकऱ्याला पुढचा भाव कळायचा मार्गच गेला. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. यावर कोणी बोलत नाही.

बीडबायपास
वायद्यांनीच तर भाव पाडले होते आमचे. बंद झाले ते बरं झालं.

गंगाखेडकर
बंद होऊन वर गेले का मग?

कयाधू_७७
वेगळा धागा काढा, मीही येतो तिथं. इथं एक माणूस अडकलाय.

पूर्णाकाठ, हे अजून कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. हे पैसे कधी लागणार आहेत?

पूर्णाकाठ
बहिणीचं लग्न ठरलंय. अक्षय तृतीयेनंतरची तिथी आहे. त्यातले पाच लाख त्यासाठी. बाकीचे सध्या तरी लागत नाहीत, माझा पगार चालू आहे.

कयाधू_७७
दोन महिन्यांवर लग्न आणि पैसे स्मॉल कॅपमध्ये! हे पहिल्या ओळीत सांगायला पाहिजे होतं. भीती कशी घालवू विचारताय, पण त्या पाच लाखांबद्दलची भीती खरी आहे. ती घालवायची नसते, तिचं ऐकायचं असतं.

वजिराबाद_नांदेड
मी माझं म्हणणं मागं घेतो. पाच लाख उद्याच काढा. भाव काय आहे ते बघू नका.

पूर्णाकाठ
पण आत्ता काढले तर तोटा पक्का होईल. १४ परत झाले की काढणार होतो.

आडत_लातूर
माझे अकरा हजार तसे तुमचे १४ लाख. १० लाख ६० हजारांचे १४ लाख व्हायला ३२ टक्के वाढ लागते. ती दोन महिन्यांत कोण देणार? तुम्ही कितीला घेतलंय हे बाजाराला माहीत नाही.

टॅक्सवाले_काका
वर्षाच्या आत काढताय तर एक्झिट लोड (लवकर काढल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम) बघा, बऱ्याच फंडांत १ टक्का असतो. हा अल्पमुदतीचा भांडवली तोटा धरला जाईल. मुदतीत विवरणपत्र भरलं तर न वापरलेला तोटा पुढची ८ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. पैसे वडिलांचे असतील तर फंड कोणाच्या नावावर आहे तेही सांगा. नॉमिनी लावलाय का?

पूर्णाकाठ
फंड माझ्या नावावर. नॉमिनी नाही, लावतो. उरलेल्याचं काय?

कयाधू_७७
सात-आठ वर्षं लागणार नसतील तर राहू द्या, पण सगळे स्मॉल कॅपमध्ये नकोत. काही भाग निर्देशांक फंडात न्या, आणि तेही वहीत लिहून, तीन दिवसांनी. मोबाईलमधलं ॲप काढून टाका. मी पगाराच्या दिवशी एकदा बघतो, तेही बायको शेजारी असताना. एकट्यानं बघितलं की हात शिवशिवतो.

रोजचा_ट्रेडर
ॲप काढून टाकणं म्हणजे पळून जाणं आहे.

कयाधू_७७
असू द्या. पळून गेलेला माणूस रात्री झोपतो.

पूर्णाकाठ
सेक्टरचा फंड पूर्ण काढायला टाकला. सगळं कापून पाचला थोडे कमी येतील, ते पगारातून घालतो. स्मॉल कॅपला हात लावला नाही. शाळेतलीच एक कोरी वही घेतलीय, पहिल्या पानावर आजची तारीख टाकली.

संध्याकाळी वडिलांना आकडा सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "लग्नाचे वेगळे काढलेस का?" हो म्हणालो. म्हणाले, "मग जेव."

पैसे खात्यात आले की दोन महिने साध्या बचत खात्यात ठेवू का छोटी मुदत ठेव करू? यावेळी घाई नाही, सावकाश सांगा.