शिबिर संपल्यानंतर रुग्णाने जायचे कोठे?

मोफत वैद्यकीय शिबिरांतून छायाचित्रांपलीकडे काही साधत नाही, हे मत मला सरसकट मान्य करता येत नाही. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने भारतीय रेल्वेच्या साहाय्याने १९९१ मध्ये सुरू केलेल्या जीवनरेखा एक्स्प्रेसचे उदाहरण घ्या. रेल्वेच्या डब्यांतले हे रुग्णालय आडवळणाच्या स्थानकावर काही आठवडे मुक्काम करते आणि मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओमुळे आलेले व्यंग अशांवर मोफत शस्त्रक्रिया करते. यांतील बरेचसे विकार एखाद्या शस्त्रक्रियेने दूर होणारे किंवा निदान सुसह्य होणारे असल्यामुळे फिरत्या रुग्णालयाला ते झेपतात. शिवाय तज्ज्ञ शल्यचिकित्सक तालुक्याच्या गावी कायमचे राहायला येतील, अशी आशा किती काळ धरायची?

रक्तदाब आणि मधुमेह यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे एका दिवसाची तपासणी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन फारसे काही हाती लागत नाही, कारण उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागतात आणि ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राचेच आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात व फेरतपासणी करावी लागते. म्हणून देणगी देण्यापूर्वी आयोजकांना एवढे अवश्य विचारावे, की चमू परतल्यावर एखाद्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याला कोण तपासणार आणि तेथवर जाण्याचा खर्च कोण देणार.