मदत हवी आहे: शिकागोत मेग्ज फील्ड बघायला कसं जावं?

शिकागोकर मंडळी, नमस्कार. जूनमध्ये लेकीकडे येतोय. ती बोट, 'बीन' नावाचं चकचकीत शिल्प, उंच मनोरे असा बेत आखून बसलीये. मला मात्र एक बंद झालेला विमानतळ बघायचाय. हसू नका!

१९९८ साली मावसभावाकडे 'फ्लाइट सिम्युलेटर' हा विमान उडवण्याचा संगणकावरचा खेळ होता. सुरू केला की आपलं छोटं सेसना विमान थेट मेग्जच्या धावपट्टीवर उभं. उजवीकडे नुसतं पाणी, डावीकडे इमारतींची रांग. जेमतेम ३,९०० फुटांची ती धावपट्टी. उतरताना मी किती वेळा तळ्यात गेलो, मोजदाद नाही. खऱ्याखुऱ्या धावपट्टीवर ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेलींच्या हुकमाने बुलडोझर चालवून मोठमोठ्या फुल्या खणल्या. तिथे अडकलेली सोळा विमानं पुढे टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या बाजूच्या रस्त्यावरून, उडवून न्यावी लागली. उद्यान करायला माझी ना नाही, पण रात्रीतून?

आता तिथे नॉर्दर्ली आयलंड उद्यान आहे, आणि जुनी टर्मिनल इमारत शाबूत आहे एवढं ठाऊक आहे. कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा: इमारतीच्या आत जाऊ देतात का? धावपट्टीची काही खूण दिसते का, की सगळं गवताखाली? तारांगणापासून चालत किती वेळ लागतो? गुडघे कुरकुरतात हो. शिवाय शेजारी गाण्यांचे कार्यक्रम असतात, त्या संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळते का?

फोटो असतील तर जरूर टाका.