कॅपॅसिटर ग्राउंडला जोडलाय म्हणजे कुठला फिल्टर?

निपाणीकर: मंडळाच्या अँप्लिफायरचा डायग्राम बघालोय, १ किलोओहमचा रेझिस्टर सरळ लायनीत आणि पुढं ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर खाली ग्राउंडला, हा लो पास की हाय पास? स्पीकरची गुंईगुंई यानं जाईल काय?

खानापूरचा रेडिओवाला: लो पास की रे. जास्त फ्रिक्वेन्सीला कॅपॅसिटर म्हणजे उघडं गटार, चिरचिर खाली वाहून जाते, जाड आवाज पुढं जातो. कटऑफ, म्हणजे जिथनं वरचा आवाज कमी व्हायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, १ भागिले २ पाय (π) आरसी (रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर), म्हणजे साधारण १६०० हर्ट्झ. दोघांची जागा बदललास की हाय पास, म्हणजे याच्या उलट.

शहापूरवाला: गुंईगुंई ५० नाहीतर १०० हर्ट्झची, ती यातनं आरामात जाते. ती पॉवर सप्लायमधनं येत असेल, तिथला मोठा कॅपॅसिटर बघ, आमच्यातला वरच्या टोकाला फुगला होता. आधी प्लग काढून तो डिस्चार्ज कर, म्हणजे त्यात साठलेला चार्ज उतरव.

निपाणीकर: फुगलाय की ओ!