दर वर्षीच्या कानबाईच्या छायाचित्रांतून स्वतःची प्रगती कशी ओळखावी?

प्रश्न (पारोळा)

नमस्कार. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. २०११ पासून मी त्या दोन दिवसांची छायाचित्रे न चुकता काढत आलो आहे. खोली तीच, चौरंगाचा कोपरा तोच, आणि उजेडही तोच, म्हणजे भिंतीवरची एक ट्यूबलाइट आणि दोन समया. गेल्या आठवड्यात ही सर्व छायाचित्रे वर्षांच्या क्रमाने लावून पाहिली. पहिल्या तीन वर्षांत फ्लॅशमुळे नथीवर पांढरा ठिपका आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटलेली आहे; अलीकडच्या छायाचित्रांत मात्र समईचा उजेड देवीच्या मुखवट्यावर जसा पडतो तसा दिसतो. हे पाहून समाधान वाटले, पण लगेच शंकाही आली. २०११ मध्ये माझ्याकडे खिशात मावणारा साधा कॅमेरा होता, २०१४ मध्ये किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्ससह) डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आला आणि २०१७ मध्ये ५० मिमी, एफ/१.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्स घेतली. तेव्हा या सुधारणेत माझा वाटा किती आणि उपकरणांचा किती, हे कसे ठरवावे?

उत्तर (जळगाव)

भाऊ, आपल्याकडे खोली, विषय आणि उजेड या तिन्ही गोष्टी स्थिर आहेत, आणि अशी तुलना करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. सर्वप्रथम, केवळ निवडलेली छायाचित्रे शेजारी ठेवू नका. निवडलेले छायाचित्र नशिबानेही चांगले आलेले असू शकते. त्या दिवशी काढलेली सर्व छायाचित्रे, फसलेली धरून, वेळेच्या क्रमाने पाहिली की काढणाऱ्याच्या मनात काय चालले होते ते कळते. प्रत्येक फाइलमध्ये शटरचा वेग, छिद्र (एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), फोकल लांबी आणि सेकंदापर्यंतची वेळ नोंदलेली असते. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. त्या तुलनेत एफ/१.८ मधून सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो, त्यामुळे २०१७ मध्ये अचानक वाढलेली स्पष्टता मुख्यतः लेन्सची समजावी. मात्र आपण कोठे उभे राहिलात, आरतीच्या कोणत्या क्षणाची वाट पाहिलीत आणि एकाच जागेवरून वीस छायाचित्रे घेतलीत की चार पावले पुढे गेलात, हे लेन्स ठरवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतींत या नोंदी राहत नाहीत, म्हणून मूळ फाइलच तपासाव्यात.

उत्तर (चाळीसगाव)

वरील सूचना योग्य आहे. तरी आकड्यांवर इतका भर द्यावा असे मला वाटत नाही. आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर रेल्वे स्थानकाजवळ आहे आणि तेथे त्यांची छायाचित्रे जतन केलेली आहेत. त्यांनी आयुष्यातील कित्येक दशके त्या घरातच काढली आणि मेजावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाशाची दिशा सांभाळून, कृष्णधवल छायाचित्रांत संपूर्ण निसर्गदृश्ये उभी केली. ती पाहताना कॅमेरा कोणता होता हा विचार मनात येत नाही. हा उजेड कोणत्या बाजूने आला असेल, हेच डोळे शोधू लागतात. आपणही हाच एक प्रश्न आपल्या छायाचित्रांना विचारावा. दर वर्षीचे एक छायाचित्र कृष्णधवल करून, त्याची प्रत छापून घेऊन, सर्व प्रती जमिनीवर मांडाव्यात. समईचा पिवळा आणि ट्यूबलाइटचा निळसर रंग यांचा गोंधळ नाहीसा झाला की उजेडाची जाण कोणत्या वर्षी आली ते स्पष्ट दिसेल. शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्यांनाही त्या प्रती दाखवाव्यात.

प्रश्नकर्ता (पारोळा)

दोघांचेही मनापासून आभार. मी दोन्ही गोष्टी केल्या. नोंदींवरून असे दिसले की २०१८ पर्यंत मी दाराच्या चौकटीपाशीच उभा राहत होतो. २०१९ मध्ये काकूंची परवानगी घेऊन आरतीपुरती ट्यूबलाइट बंद केली आणि समईच्या बाजूला जमिनीवर बसलो. लेन्स दोन वर्षांपूर्वीचीच होती, म्हणून हा बदल माझा आहे असे आता म्हणता येते. परंतु छापलेल्या प्रती आईपुढे मांडल्या तेव्हा तिने २०१२ ची, फ्लॅशने पांढरी पडलेली प्रत उचलली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. त्या छायाचित्रात मागे आजी रोटाची (कानबाईच्या नैवेद्याची) कणीक मळत बसलेली आहे, तिच्याशेजारी जाते आहे, आणि सुरतेहून आलेले भाऊबंद दारात दाटीने उभे आहेत. २०१७ नंतरच्या एकाही छायाचित्रात घर दिसत नाही, एफ/१.८ वर मुखवट्यामागचे सारे धूसर झाले आहे, आणि मी त्यालाच सौंदर्य समजत होतो. आजी आता नाही. येत्या श्रावणात मागची माणसेही ओळखू यावीत म्हणून एफ/४ ठेवण्याचा विचार आहे. आतापर्यंत १/१२५ सेकंद आणि आयएसओ १६०० असे ठेवत होतो. उजेड पुरेल का?

उत्तर (जळगाव)

एफ/१.८ वरून एफ/४ वर जाताना प्रकाश साधारण पाचपट कमी होईल. आयएसओ ६४०० आणि शटर १/१०० सेकंद ठेवल्यास तो हिशेब जुळतो. छायाचित्रात खरखरीत दाणे थोडे दिसतील. ते दिसू द्यावेत. कणीक मळणारे हात किंचित हललेले येतील, पण बसलेली माणसे स्थिर येतील. फोकस मुखवट्यावर न ठेवता त्याच्या थोडा मागे ठेवावा, आणि आपण एखादे पाऊल मागे सरकावे, म्हणजे जाते आणि दारातली माणसे ओळखण्याइतकी स्पष्ट होतील. रविवारी सकाळी देवी बसण्यापूर्वी, कोणाला तरी चौरंगाशेजारी बसवून एकदा चाचणी घ्यावी.