मदत हवी आहे: छोट्या टेबलावर दुसरा मॉनिटर

नमस्कार मंडळी. घरून मराठी मुद्रितशोधन करते. एकाच लॅपटॉपवर पीडीएफ आणि वर्डमध्ये उड्या मारताना अनुस्वार नजरेतून सुटू लागलेत, ते फार मनाला लागतं.

टेबल ९० सेंमी रुंद, ४५ खोल, मागे भिंत. २४ इंची स्क्रीन साधारण ५३ सेंमी रुंद. काल तेवढा पुठ्ठा कापून ठेवला, तर लॅपटॉप कडेबाहेर आला. तोच पुठ्ठा उभा केला तर जेमतेम ३० सेंमी, आणि पुस्तकाचं अख्खं पान समोर! म्हणून उभा फिरणाराच हवा. २७ इंची फुल एचडीवर अक्षरं भरड दिसतात, तो नको.

अडलंय स्टँडपाशी. त्याचा पाय जागा खातो. क्लॅम्पवाला आर्म (टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, मॉनिटर धरणारा दांडा) १८ मिमी प्लायवर टिकतो का? भिंतीला टेकलेल्या टेबलावर कोणी बसवलाय? बजेट आर्मसकट १५,००० रुपये.