पेस्ट कंट्रोल केलं तरी झुरळं वाढली, फसवलं का आम्हाला?

झोपमोड: चार दिवसांपूर्वी किचनमध्ये जेल ट्रीटमेंट करून घेतली. वास नाही काही नाही, बिजागऱ्यांपाशी तांदळाएवढे ठिपके लावले आणि पंधरा मिनिटांत माणूस गेला पण. आता दिवसाढवळ्या झुरळं ओट्यावर हिंडतायत. औषध पाणचट होतं का? वरून स्प्रे मारू?

मुंगळा: स्प्रे अजिबात नको!! तिथेच सगळे चुकतात. जेल म्हणजे विष घातलेलं खाणं, झुरळ ते खाऊन फटीत जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा नि मेलेलं झुरळ खाऊन बाकीची पण मरतात, त्यामुळे आठवडा-दोन आठवडे लागतातच. स्प्रे मारला की ती जेलकडे फिरकत नाहीत. आणि उग्र वास म्हणजे जालीम औषध हे डोक्यातून काढा आधी.

उंबरठा: +१. शिवाय अंडी. त्या छोट्या तपकिरी जर्मन झुरळाच्या एका कोषात ३०-४० अंडी असतात, आत औषध सहसा पोचत नाही, म्हणून एकदा केलं की वर्षभर निवांत असं नसतं, दुसरी फेरी लागते. आणि ढेकणांसाठी कोणी जेल लावतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा, ढेकूण रक्त पितो, जेल कशाला चाटेल 😄

झोपमोड: अरे देवा, मी काल सगळे ठिपके घासून पुसले की...

मुंगळा: मग औषधाला कशाला नावं ठेवताय, बोलवा त्यांना परत. आणि यावेळी फडकं लपवून ठेवा.